अर्धी राहिलेली दृष्ट

आमच्या अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेच्या घरात स्वयंपाकघराच्या छताला एक पांढरी चकती चिकटवलेली होती. धूर झाला की बोंब मारायची, एवढं एकच काम तिला होतं, आणि आई तिला सवत म्हणायची. मोहरी तडतडली की सवत ओरडे, मिरच्या परतायला घेतल्या की ओरडे, एकदा तर उदबत्तीच्या एका काडीला घाबरून ओरडली होती. शेवटी बाबांनी कुठल्याशा हॉटेलातून आणलेली प्लास्टिकची न्हाणीटोपी तिच्या डोक्यावर चढवली आणि मग कुठे आमच्या घरात सुखानं फोडणी होऊ लागली. शेगडीला जाळ नव्हता. काळी काच, तिच्यावर भांडं ठेवलं की भांडं तापायचं, काच आपली गप्प. "विस्तव नाही ते घर कसलं," असं आई पहिली दोन वर्षं तरी रोज म्हणाली असेल. बाकी घर तिला आवडलं होतं. मागे हातरुमालाएवढं अंगण, पुढे भिंतभर खिडकी. त्या खिडकीला पडदे होते, पण ते कोणी ओढत नाही हे आई लवकरच शिकली. इथे लोक दिवाणखाना उघडा टाकून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यानं आत बघायचं नाही, असा रिवाज. "बरंय की, बघणाऱ्यानंच लाज धरायची," ती म्हणायची, आणि संध्याकाळी दिवा लावून, केस वर बांधून, बिनधास्त मेथी निवडत बसायची.

चिंचवडहून आम्ही इकडे आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा सकाळच्या गाडीनं अ‍ॅमस्टरडॅमला ऑफिसात जायचे ते अंधार पडता पडता यायचे. शाळेत मला तोंड उघडायची भीती वाटे, म्हणून बाईंनी सुचवलं की हिला एखाद्या खेळाला घाला. आईनं घरापासून सायकलवर सगळ्यात जवळ काय आहे ते पाहिलं, आणि ते निघालं तायक्वांदो. माझी आयुष्यभराची आवड अशी अंतर मोजून ठरलेली आहे. पण लागली मात्र अशी की सोळाव्या वर्षापर्यंत मी पोरींच्या गटात आसपासच्या गावांत लढायला जाऊ लागले. आता जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तेव्हा मी त्यांना सांगते, बाबांनो, तुम्ही काय काय केलंय ते आठवा.

लढतीला निघण्याआधी आई माझी दृष्ट काढायची. ही आमची ठरलेली गोष्ट. सकाळी पांढरा पोशाख पिशवीत भरून झाला, डब्यात तूप-साखरेच्या पोळीची गुंडाळी ठेवून झाली, की मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसायची. आई दोन्ही मुठींत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन डोक्यापासून पावलांपर्यंत उतरवायची, आणि पुटपुटायची. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, बघणाऱ्याची, न बघणाऱ्याची, आणि सगळ्यात शेवटी, आवाज आणखी खाली आणून, "माझी". आईचीच दृष्ट सगळ्यात आधी लागते म्हणे. मग ते तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायचं. ठसका लागला तर काही नव्हतं, आणि मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती, असा तिचा हिशेब. मी नाक मुरडायची, "आई, उशीर होतोय," म्हणायची, आणि तिनं एखाद्या वेळी विसरावं म्हणून वाटही बघायची. ती विसरली मात्र कधी नाही.

त्याच वर्षी आमच्या क्लबातल्या सगळ्या पोरींना त्या स्पॅनिश मुलीचं वेड लागलं. नाव इथे लिहीत नाही, तिनं आयुष्यात पुरेसं ऐकलंय ते. एकोणीस वर्षांची, चणीनं लहान, दोन घट्ट वेण्या, आणि पाय असा की समोरचीच्या कानाजवळून गेला तरी समोरचीला उशिरा कळायचं. तिच्या क्षेत्रात ती चांगली होतीच, पण असे चांगले खेळाडू बरेच असतात, त्यांना त्यांच्या गल्लीत कोणी ओळखत नाही. हिला लाखो लोक ओळखायचे ते फोनमुळे. ती भावाच्या डोक्यावर लिंबू ठेवून लाथेनं उडवायची. सरावात आपटली की जमिनीवरच पडून हसायची. सकाळी टोमॅटो चोळलेला पाव खाताना तिची आई मागून तिला ओरडायची, तेही ती टाकायची. मी तिच्यासारख्या दोन वेण्या घालू लागले. तिचा प्रत्येक व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिलेला असायचा की ती कुठे श्वास घेते तेही मला पाठ होतं. मला वाटायचं ती मला ओळखते. असं वाटणाऱ्या माझ्यासारख्या किती होत्या, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

आईला ती आवडली ती त्या ओरडणाऱ्या आईमुळे. "काय म्हणतेय गं ती बाई?" तिनं पहिल्यांदा विचारलं. मी खालचं भाषांतर वाचून सांगितलं की नीट बसून खा म्हणतेय. "अगदी बरोबर," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती मुलगी आमच्या घरची झाली. पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आज स्पेनचीनं काय टाकलं?" कधी म्हणायची, "वाळलीये पोर, डोळे बघ किती आत गेलेत." मी म्हणायची, "आई, ते वजनगटासाठी करावं लागतं." "वजनगटाला काय कळतंय," आई म्हणायची. आता जुन्या आठवणी चाळताना वाटतं, आम्ही सगळे तिचे पाय बघत होतो, आणि ती वाळलीये हे लाखो लोकांत एकट्या माझ्या आईनं पाहिलं.

एका शनिवारी दुपारी मी आईला सहज सांगितलं की स्पेनची आता मोठ्या स्पर्धेला चाललीये, आणि तिचे चाहते किती झाले तेही. आईनं लाटणं खाली ठेवलं. "एवढे लोक रोज बघतात तिला? म्हणजे डोळे दुप्पट." तिनं हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "तिच्याकडे काढत असतील का गं दृष्ट?" मी हसले. "लाव तिचा फोटो," ती म्हणाली, "त्या मोठ्या पाटीवर." मी टॅबलेटवर फोटो लावून तो स्टुलावर, माझ्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकवून उभा केला. आईनं तवा तापत ठेवला, मुठी भरल्या. आणि मी दारामागे उभी राहून माझ्या फोनवर ते सगळं घेऊ लागले. तिला विचारलं नाही. विचारायची असते अशी ती गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आम्ही त्या वयात जेवण, आजारपण, कुत्रं, सगळंच टिपायचो.

आई फोटोवरून मुठी उतरवत होती. वेण्यांपासून खाली, टॅबलेटच्या कडेपर्यंत. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, बघणाऱ्याची..." इथे ती अडखळली आणि तिनं नवीनच भर घातली, "त्या फोनमधल्या सगळ्यांची..." मला हसू आवरेना. "हसू नकोस," ती मान न वळवता म्हणाली आणि तिनं मुठी तव्यावर सोडल्या. धूर उठला. आता झालं होतं असं की आदल्याच दिवशी घरमालकाचा माणूस घर तपासायला येऊन गेला होता, आणि तो यायच्या आधी बाबांनी न्हाणीटोपी काढून कपाटात टाकली होती. सवतीला मोकळं रान मिळालं. ती अशी किंचाळली की आई दचकून मागे सरली, बाबा वरून धावत आले, आणि आईनं घाईघाईनं तो तवा उचलून नळाखाली धरला. चर्र झालं. मिरच्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या लाल, बेसिनमध्ये तरंगत राहिल्या. आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अर्धवट राहिलं." बाबा पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाले, "स्पेनला कळवतो तसं." त्यावर ती त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

मी तो व्हिडिओ संध्याकाळी टाकला. खाली लिहिलं, माझी आई तुझी काळजी घेतेय, आणि त्या मुलीचं नाव जोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतः तो पुढे पाठवला, लाल बदामांची रांग लावून. मी हॉकीच्या मैदानाशेजारून सायकलवर येत होते, ती सायकल रस्त्यात आडवी टाकून नाचले. मग काय, माझ्या आईला अशा देशांतले लोक बघू लागले की ज्यांची राजधानी मला नकाशात दाखवता आली नसती. लोकांना फार गोड वाटली ती. माझीही दृष्ट काढा म्हणून अनोळखी माणसांनी आपापले फोटो पाठवले. क्लबात माझा भाव असा वाढला की ज्या पोरी कधी बोलायच्या नाहीत त्या माझ्याशेजारी जागा धरू लागल्या. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगणारच होते, उद्या, परवा.

ते तिला दुसऱ्याच कोणी सांगितलं. दर गुरुवारी ती वाचनालयात जायची, तिथे डच शिकणाऱ्या बायका कॉफी पीत मोडकं-तोडकं बोलत. त्यातल्या एकीनं फोन पुढे केला आणि विचारलं, ही तूच ना? सगळ्या जणी गोल करून बघत होत्या. आई घरी आली तेव्हा मी सोफ्यावर होते. तिनं पिशवी ठेवली, कोटही न काढता समोर उभी राहिली आणि म्हणाली, "गाऊनमध्ये? अगं, गाऊनमध्ये दाखवलंस मला जगाला?"

मी म्हणाले, सगळ्यांना तू आवडलीयेस. कोणी वाईट बोललेलं नाही. वाचून दाखवू का? ती म्हणाली, "मी तिथे त्या पोरीसाठी उभी होते. तुझ्या माणसांसाठी नव्हते." आणि भाजी चिरायला गेली. त्या संध्याकाळी तिनं पुढच्या खिडकीचा पडदा ओढला. आमच्या रस्त्यावर तेवढी एकच खिडकी बंद दिसायची, आणि मी रोज सायकल लावताना तिच्याकडे बघायचं टाळायची.

मग मोठी स्पर्धा आली. दुसऱ्याच लढतीत स्पॅनिश मुलगी उडी मारून खाली आली आणि तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. ती ओरडली नाही, फक्त चटईवर हात आपटत राहिली. मी ते शाळेच्या मधल्या सुट्टीत पाहिलं आणि हातातला डबा तसाच बंद केला, तिच्यासाठीच, शपथेवर सांगते. पण घरी पोचेपर्यंत लोकांना माझी आई आठवली होती. तव्यातून धूर उठतोय, सवत किंचाळतेय, आई दचकतेय, एवढाच तुकडा कापून त्यांनी तो गुडघ्याच्या शेजारी चिकटवला. या बाईनं काहीतरी केलं. कोणी गमतीनं लिहिलं, कोणी नाही, आणि थोड्याच वेळात त्यात फरक उरला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. काल जे फोटो पाठवून दृष्ट काढा म्हणत होते, त्यातलेही काही त्यात होते. मी माझा व्हिडिओ काढून टाकला. त्याच्या नकला कुठे कुठे पोचल्या होत्या देव जाणे. त्या मुलीला मी लांबलचक पत्र लिहिलं, की तू एक शब्द बोललीस तर हे थांबेल. तिनं उत्तर दिलं नाही. तेव्हा मला तिचा अतोनात राग आला. ती इस्पितळात पडलेली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि तिच्याकडे अशी पत्रं किती आली असतील, हे कळायला मला स्वतःला मुलगी व्हावी लागली.

चार दिवसांनी मी शाळेतून आले तर आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर बाबांचा जुना फोन आणि चष्मा. ती एकेक ओळ उचलून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकत होती. ते अ‍ॅप किती स्वच्छ मराठी लिहितं ते मी त्या दिवशी पाहिलं. चेटकीण. तिला तिच्या देशात परत पाठवा. मी फोन ओढून घ्यायला गेले तर तिनं हात धरला. जोरात नाही.

"आई, मूर्ख आहेत ते लोक," मी म्हणाले. मी तेव्हा तिच्याशी निम्मं डच बोलायची, पण हे वाक्य मराठीतच आलं.

"मूर्ख आहेतच," ती म्हणाली. "पण मी अर्धवट सोडलं होतं."

"काय?"

"दृष्ट काढायला घेतली आणि मधेच पाण्यात बुडवली. असं करत नाहीत. उतरवलेलं जळावं लागतं." तिनं चष्मा काढला. "माझी आई असती तर म्हणाली असती, जमत नव्हतं तर हात कशाला घातलास."

जगातल्या लोकांशी मी भांडू शकत होते, पण ती स्वतःच त्यांच्या बाजूनं बसली होती. गुडघा कसा निखळतो, उतरताना पाय कसा पडला, हे मी तिला कागदावर काढून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, "असेल." बाबांनी त्या संध्याकाळी बराच वेळ विज्ञान सांगितलं. त्यांनाही "असेल"च मिळालं.

पुढच्या शनिवारी माझी लायडनला लढत होती. मी पिशवी भरली. स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले, पूर्वेकडे तोंड करून, न सांगता. आई ओट्याशी उभी होती. तिनं डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "गाडी चुकेल," ती म्हणाली. मी जरा वेळ तशीच बसले. ती भांडी पुसत राहिली. इतकी वर्षं मी नाक मुरडत होते आणि आता वाटत होतं, हिनं एक चिमूट मीठ तरी हातात घ्यावं. मागावं कसं, ते कळेना. गाडीत खिडकीशी बसून मी रडले, आणि पोळीची गुंडाळी तशीच परत आणली. पहिल्याच फेरीत हरले. ते माझ्या आळशी डाव्या पायामुळे, यात मला तेव्हाही शंका नव्हती. हरल्याचं दुःख नव्हतंच. आपण हरलो तरी आपल्यासाठी कोणीतरी आल्यागेल्याला शिव्या घातलेल्या असतात, ते त्या दिवशी माझ्यापाशी नव्हतं.

घरी आल्यावर मी डबा ओट्यावर ठेवला. आईनं उघडून पाहिला. "खाल्लं नाहीस?"

"आई, मी तुला विचारायला हवं होतं," मी म्हणाले. तोवर माझं तीनदा सॉरी म्हणून झालं होतं, डचमध्ये, इंग्रजीत, दारातून जाता जाता. या खेपेला उभी राहून म्हणाले. "ती तुझी गोष्ट होती. मी ती लोकांना देऊन टाकली. मला फार लाज वाटतेय."

आई पोळीकडे बघत होती. मग तिनं ती गुंडाळी उलगडली, तव्यावर गरम केली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "आधी खा," ती म्हणाली. मी खाऊ लागले, तशी म्हणाली, "उद्या तिचा फोटो आण. कागदावर. फोनवर नको."

रविवारी दुपारी मी दुकानातून फोटो छापून आणला. वेण्या, लाल पट्ट्याचं शिरस्त्राण बगलेत, हसू. आईनं मागच्या अंगणात बाबांची निखाऱ्यांची जाळी पेटवली होती, तीच ती उन्हाळ्यात मक्याची कणसं भाजायची. शेवटी खरा विस्तव. ती आतून ताट घेऊन आली, वर दुसरं ताट झाकलेलं, वाऱ्यानं मोहरी उडू नये म्हणून. तिनं नेसली होती इस्त्रीची साडी आणि वरून हिवाळी कोट. माझा फोन आत होता. तिनं सांगितलं नव्हतं, मीच ठेवून आले होते. मी उलट्या बादलीवर फोटो धरून बसले आणि तिनं वरच्या ताटाखाली हात घालून मुठी भरल्या.

तिनं सावकाश उतरवली. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, बघणाऱ्याची, न बघणाऱ्याची, फोनमधल्या सगळ्यांची. मग "तिच्या आईची". मग "माझी". इथे संपायला हवं होतं. पण ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि हिची." तिचं बरोबरच होतं. त्या मुलीकडे माझ्याइतकं टक लावून कोण बघत होतं? मी मान खाली घातली. मुठी निखाऱ्यांवर सुटल्या, मोहरी तडतडली, मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या. कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी डोकं वर काढून विचारलं, आज बार्बेक्यू वाटतं? आईनं तिच्या सगळ्यात सुबक डचमध्ये सांगितलं, हो, छोटासा. ते समाधानानं आत गेले.

"बघ," आई मला म्हणाली, "एवढ्या मिरच्या जळल्या, पण ठसका नाही. केवढी लागली होती पोरीला." अंगणात समुद्राकडून आलेला वारा वाहत होता, तिथे ठसका लागणार कुणाला? आयुष्यात फार थोड्या वेळा मी शहाण्यासारखी गप्प बसले आहे, त्यातली ही एक. तिचा चेहरा सैल झाला होता, तो मी बघत राहिले. ती स्पॅनिश मुलगी पुढच्या वर्षी परत उतरली. काही जिंकली, काही हरली. तोवर लोक दुसऱ्या कोणाकडे बघायला गेले होते. आपल्यासाठी आल्मेरेच्या एका अंगणात काय जळलं, ते तिला कधी कळलं नाही. आम्ही दोघींनी पाहिलं, तेवढंच.

मी फोटो घेऊन उठू लागले. "कुठे चाललीस?" आई म्हणाली. "बस तिथेच. तोंड पूर्वेकडे कर." मी बादली फिरवून बसले. मागे तिनं ताटावरचं झाकण उचललं. मी वळून पाहिलं तेव्हा दिसलं की मीठ-मोहरीची एक वाटी रिकामी होती आणि दुसरी शिगोशीग. आतून येतानाच तिनं दोन भरून आणल्या होत्या.